खाटेवरून दिसेल असं कार्ड

येळ्ळूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या आत्याचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन मिरजेला झालंय आणि अजून काही दिवस तिथंच राहावं लागणार आहे. ताईंकडे हातानं फिरवायचं छोटं डाय-कटिंग मशीन आहे, फुलापानांच्या डायचा, म्हणजे कागद कापायच्या धारदार साच्यांचा, एक संच आहे. आत्यासाठी थराथरांचं कार्ड करून पाहिलं, पण फुलांच्या कडा केसाळ आल्या, कागद वाकला, गोंदाचे डाग पडले आणि टेबलावर ठेवलं की कार्ड तोंडावर पडतं. त्यात काय लिहावं हेही सुचत नाही.

ताई, कात्री-मशीन बाजूला ठेवा आणि आधी आत्या आत्ता कशा स्थितीत आहेत ते डोळ्यांपुढे आणा. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस बहुतेक वेळ पाठीवर असतो, मान जरा उंच. एका हाताला सलाईन. कॉटच्या शेजारी लोखंडी लॉकर, त्यावर पाण्याची बाटली, गोळ्यांची पाकिटं, फळं. आत्यांनी हात लांब करून कार्ड उचलायचं, उघडायचं, आतलं वाचायचं, परत उभं करायचं, एवढं सगळं त्यांच्याकडून होणार नाही आणि आपण ते मागूही नये. कार्ड लॉकरवर आपलं आपण उभं राहिलं पाहिजे, तीन-चार फुटांवरून दिसलं पाहिजे आणि न उघडता वाचता आलं पाहिजे. बाजारात किंवा मोबाईलवर दिसणारी बहुतेक नमुन्याची कार्डं वाढदिवसाला हातात द्यायची असतात. आजारी माणसाचं कार्ड त्या मापानं करू नका.

म्हणून पुस्तकासारखं उघडणारं कार्ड सोडून द्या. त्याच्या पुढच्या पानावर थर चढवले की सगळा भार पुढं येतो आणि ते पडतं. तुमचंही तसंच झालंय. त्याऐवजी मागे टेकू असलेलं कार्ड करा. आमच्याकडे त्याला ईझल कार्डच म्हणतात. माप सोपं आहे. जाड कागदाची १४ सेंमी रुंद आणि २८ सेंमी लांब पट्टी घ्या. एका टोकापासून ७ सेंमीवर आणि १४ सेंमीवर अशा दोन आडव्या रेघा पाडा. १४ च्या रेघेवर पट्टी आत घडी घाला आणि ७ च्या रेघेवर उलट बाहेर, म्हणजे ते सुटं टोक परत १४ च्या घडीपाशी येतं. आता १३.८ सेंमीचा चौकोनी कागद घ्या, हा तुमचा दर्शनी भाग. तो त्या वर आलेल्या ७ सेंमीच्या छोट्या पानावरच चिकटवायचा, बाकी कुठंही नाही. बंद असताना तो सगळं कार्ड झाकतो. उचलला की मागचं पान टेकू होतं आणि दर्शनी भाग तिरका उभा राहतो.

खालच्या पानावर, घडीपासून ७ ते ८ सेंमीवर, एक अडसर लावा: फोमच्या टेपवर चिकटवलेली कागदाची आडवी पट्टी, ३-४ मिमी उंच झाली की पुरे. दर्शनी भागाची खालची कड त्याला अडते आणि कार्ड घसरत नाही. अडसर घडीच्या जितका जवळ तितकं कार्ड ताठ. ७ सेंमीवर लावला तर साधारण ६० अंशाला उभं राहतं, झोपलेल्या माणसाला तेवढं बरोबर दिसतं. अडसराच्या पुढं खालच्या पानाची सहा सेंमी जागा मोकळी उरते. मजकूर तिथं लिहा, कारण ती जागा कार्ड उभं असताना उघडीच असते.

घडीबद्दल दोन शब्द, कारण निम्मी कार्डं तिथंच बिघडतात. जाड कागदाला धागा असतो, म्हणजे कारखान्यात त्याचे तंतू एका दिशेनं बसलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकतो त्या बाजूला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ येते. आडवी घातली तर वरचा थर फुटतो आणि पांढरी भेग दिसते. ए-फोर कापलेल्या कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेनं असतात, आणि आपली घडी नेमकी त्याला आडवी पडते. त्यामुळं पट्टीसाठी दुकानातून मोठं शीट आणा आणि धागा बघून कापा. रेघ पाडायला शाई संपलेलं बॉलपेन आणि लोखंडी पट्टी पुरते. खोलगट रेघ घडीच्या बाहेरच्या बाजूला हवी, उंचवटा आत. दोन घड्या उलटसुलट असल्यामुळं एक रेघ पुढून पाडा आणि दुसरी मागून.

पट्टीसाठी २५० ते ३०० जीएसएमचं कार्डशीट घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड). वरच्या थरांना १६० ते २२० पुरतं. त्यापेक्षा पातळ घेतलं तर फूल मलूल पडतं, जाड घेतलं तर नाजूक डाय अर्धवट कापते. कागद विकत आणायच्या आधी पत्रिका छापणाऱ्या एखाद्या प्रेसमध्ये चौकशी करा. बेळगाव, शहापूर, निपाणी, संकेश्वर, कुठंही लग्नसराईनंतर प्रेसमध्ये उत्तम कागदाच्या पट्ट्या पडून असतात: आयव्हरी, टेक्स्चरवाले, मोतिया चकाकीचे. पत्रिकेची किनार डाय-पंचिंगनं कापली की उरलेलं रद्दीत जातं. एखादं पाकीटभर मागितलं तर देतात. फुलापानांना तेवढ्याच पट्ट्या लागतात. कापसाच्या लांब तंतूंचा हातकागद मात्र नाजूक डायला घेऊ नका. दिसायला सुंदर असतो, पण तंतू तुटायच्याऐवजी ओढले जातात.

तुमच्या केसाळ कडांचं एक कारण तेच असू शकेल. दुसरं कारण दमट हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं कागद हवेतलं पाणी शोषतो, खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर कपाटातला कागदही मऊ पडतो. मऊ कागद कापला जात नाही, दाबला जातो. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या त्यात टाका आणि कापायच्या वेळीच बाहेर काढा. तिसरं कारण प्लेटा, म्हणजे मशीनमध्ये कागद आणि डाय यांच्या खाली-वर ठेवायच्या त्या. एकाच प्लेटवर एकाच जागी कापत राहिलं की तिथं खाच पडते आणि डायला पूर्ण दाब मिळत नाही. प्लेट दर वेळी फिरवा, उलटी-सुलटी करा. तरी एखादा कोपरा सुटतच असेल तर त्या जागी प्लेटेखाली साध्या कागदाचा एक तुकडा सारा. दोन तुकडे लागत असतील तर प्लेटा बदलायची वेळ झाली असं समजा. जबरदस्तीनं दांडा फिरवू नका, रोलरला धक्का बसतो.

मांडणी अशी: खाली आधाराचा पाट, त्यावर प्लेट, त्यावर कागद, कागदावर डाय धारेची बाजू खाली करून, वर दुसरी प्लेट. लांब सरळ कडेची डाय असेल, चौकट किंवा चौकोन, तर ती जरा तिरकी ठेवा, म्हणजे सगळी धार एकदम रोलरखाली येत नाही. डाय सरकू नये म्हणून चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. पण लावण्याआधी तो आपल्या कपड्यावर एकदा चिकटवून काढा, नाहीतर सोडवताना कागदाचं पापुद्रं निघतं. बारीक नक्षीची डाय असेल तर कागद आणि डाय यांच्या मध्ये बटर पेपर घाला. कापलेलं फूल अडकत नाही. अडकलंच तर मागच्या भोकांतून सुईनं ढकला.

आता थर. इथं माझं मत ठाम आहे: तीनपेक्षा जास्त थर नकोत. डायच्या संचात नऊ आकार आले म्हणून नऊही वापरायचे नसतात. दर्शनी कागद हा पहिला. त्याच्यापेक्षा चारी बाजूंनी ३ मिमी लहान, म्हणजे १३.२ सेंमीचा दुसरा, तो सपाट चिकटवा. तिसरा थर फुलाचा किंवा चौकटीचा, तो फोमवर उचलून. कार्डाला खोली रंगानं येत नाही, सावलीनं येते. कधी बेळगावच्या किल्ल्यात गेलात तर कमल बस्ती या जैन मंदिरात मान वर करून उभ्या राहा. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेल्या त्या मंदिराच्या छतात दगडी कमळ आहे. पाकळ्यांची वर्तुळं एकाआड एक आत सरकत जातात. दगड सगळा एकाच रंगाचा, तरी प्रत्येक वर्तुळ वेगळं कळतं, कारण वरचं खालच्यावर सावली टाकतं. कार्डाचे हे तिन्ही थर एकाच रंगाच्या तीन छटांत, किंवा अगदी एकाच छटेत कापून एकमेकांवर चढवून बघा. दवाखान्यात ट्यूबलाइट वरून येते, सावली खाली पडते, आणि तेवढ्यानं फूल उठून दिसतं. चमकी, टिकल्या, खडे यांची गरज उरत नाही.

चमकी तर दवाखान्याच्या कार्डावर नकोच. ती झडते, चादरीवर जाते, बोटांना लागते, बोटं डोळ्यांना लागतात. अत्तर किंवा सुगंधी स्प्रेही नको, औषधांनी मळमळणाऱ्या माणसाला तो वास सोसत नाही. मोती, टाचण्या, तार असं टोकदार काही लावू नका. कागदाची फुलं मात्र निर्धास्त ठेवा. काही वॉर्डांत ताजी फुलं आत येऊ देत नाहीत, तिथंही ही चालतात.

फोमचे तुकडे ५ मिमीचे कापा, कडेपासून तीनेक मिमी आत ठेवा, आणि दर तीन सेंमीला एक आधार द्या, नाहीतर मधला भाग बसतो. पाकळ्यांना गोलाई द्यायला माऊस पॅडवर फूल ठेवून चमच्याच्या पाठीनं मधून गोल गोल दाबा. सगळ्या फुलांना एकसारखी गोलाई देऊ नका. मागची चपटी राहू द्यात, पुढची उमललेली.

गोंदाच्या डागांचं आणि वाकलेल्या कागदाचं मूळ एकच आहे. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. एका बाजूनं भरपूर लावलं की कागद तेवढ्याच बाजूनं फुगतो आणि वाकतो, आणि बाहेर आलेला गोंद वाळल्यावर गडद कागदावर चकाकतो. म्हणून मोठ्या सपाट थरांना गोंद नकोच, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चारी कडांना आणि मधे एक तिरकी लावा. फुलांना दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब, तोही मध्यभागी. देठ आणि बारीक वेली यांच्यासाठी एक युक्ती सांगते: कागदाच्या मागे आधीच दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सलग लावा आणि मग तो डायखाली घाला. देठ स्टिकर होऊनच निघतो. मागचा कागद सोलायचा आणि लावायचा. गोंद लावायची वेळच येत नाही. सपाट थर जोडून झाले की फोम लावायच्या आधी कार्ड बटर पेपरमध्ये ठेवून पुस्तकांखाली रात्रभर दाबा. फोम लावल्यावर दाबलं तर तो चेपतो.

चित्र कशाचं करायचं? तुमच्या आत्या येळ्ळूरच्या आहेत, मग फुलांच्या डायवरच अडू नका. राजहंसगडाची टेकडी त्यांनी आयुष्यभर बघितली असेल. तिची बाह्यरेषा कात्रीनं कापायला सोपी आहे. डोंगराच्या दोन पट्ट्या करा, मागची फिकट निळसर, पुढची गर्द, त्यावर गडाची आडवी रेघ, आणि अगदी पुढं भाताच्या शेताची हिरवी पट्टी. लांबचं फिकट, जवळचं गडद, एवढा एकच नियम पाळला तर लहान मूलही हे करू शकतं. पुढच्या पट्टीवर डायनं कापलेली दोन-चार पानं लावली की मशीनचाही उपयोग होतो. चार दिवस पांढऱ्या भिंती बघणाऱ्या बाईला आपली टेकडी समोर दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे. फुलं करायचीच असतील तर त्यांच्या परसातली करा, अबोली, जास्वंद, जे काही त्या स्वतः लावतात ते. गुलाबाची डाय सगळ्यांकडे असते म्हणून गुलाब, असं नको.

दोन गोष्टी टाळाच. लंबगोल चौकट, तिच्यात आजारी माणसाचा फोटो आणि भोवती फुलांची माळ, हे थरांचं कार्ड करणाऱ्याला हमखास सुचतं, कारण लंबगोल डाय चौकटींच्या बहुतेक संचांत असते. आपल्या गल्लीबोळांत तसा फोटो कुठल्या फलकावर लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. बघणाऱ्याच्या काळजात चर्रर्र होतं. फोटो घालायचाच असेल तर घरच्या सगळ्यांचा घाला, चौकोनी, माळेशिवाय. दुसरं, पत्रिकेवरून कापलेला गणपती किंवा दुसरा देव लावू नका. श्रद्धा आहे, मलाही आहे. पण लॉकरवरचं कार्ड खाली पडतं, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला जातो, झाडणारी बाई बाजूला सारते, आणि आत्या पडल्या पडल्या बघून कष्टी होतात.

अक्षरांसाठी: बाजारात तयार मिळणाऱ्या शब्दांच्या डाय बहुतेक इंग्रजी असतात. आत्यांना मराठी वाचायचं असेल तर कटरनं हातानं कापा, किंवा कुणाकडे संगणकावर चालणारं कटिंग मशीन असेल तर त्याच्याकडून करून घ्या. देवनागरी कापायला उलट सोयीची आहे. शिरोरेघेमुळं अख्खा शब्द एका तुकड्यात राहतो. फक्त दोन ठिकाणी सांभाळा. अनुस्वाराचा टिंब सुटा पडतो, म्हणून ‘बरं’ ऐवजी ‘बरी हो’ असे टिंब नसलेले शब्द निवडा. संगणकावर करताना अक्षरं एकमेकांत वितळवून एकसंध करायला सांगा, नाहीतर मशीन प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी कापतं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. अक्षर कापून उरलेली खिडकी वापरायची असेल तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात, त्यांना बारीक पूल ठेवावे लागतात. तेवढी उठाठेव नको, कापलेला शब्दच चिकटवा. एकच शब्द २०० जीएसएमच्या कागदातून तीनदा कापून एकावर एक चिकटवला तर अक्षर भरीव दिसतं, फोमची गरज लागत नाही. अक्षराची उभी उंची निदान एक सेंमी ठेवा आणि रंग गडद, फिकट कागदावर. सोनेरी कागदावरचं अक्षर ट्यूबलाइटमध्ये चमकतं आणि वाचता येत नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तर अजिबात नाही.

मजकुरासाठी ओळी शोधत बसू नका. घरात आत्याला ज्या शब्दांत हाक मारता त्याच शब्दांत लिहा. खाटेवर पडलेल्या बाईच्या मनात सगळ्यात जास्त काय घोळतं? घर. गाईचं कोण बघतं, भाताला पाणी मिळालं का, नातवाचा डबा कोण करतंय. तेवढंच सांगा, आणि खरंच सांगा. ‘आत्या, तुझ्या अबोलीला मी रोज पाणी घालते. वासरू दूध प्यायला लागलंय. तू आलीस की सुट्टीत मी तुझ्याकडंच राहणार आहे.’ अशा तीन ओळी पुष्कळ झाल्या. ‘काही होणार नाही, काळजी करू नको’ असं लिहू नका. दुखणं त्यांना रोज जाणवतंय. आजाराचं नाव, ऑपरेशनचा खर्च, तुझ्यामुळं सगळे धावपळीत आहेत, यातलं काही नको. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला दीर्घ आजारातल्या माणसासाठी कार्ड करायचं असेल तर ‘लवकर बरे व्हा’ हेही सोडून द्या. ज्याला लवकर बरं होता येणार नाही हे कळून चुकलंय, त्याला ते वाक्य रोज समोर दिसणं जड जातं. ‘आज तुमची आठवण काढली’ किंवा ‘रविवारी येतोय’ एवढं लिहा, आणि रविवारी जा.

शेजारच्या कन्नड मावशी किंवा आत्यांची मैत्रीण सोबत सही करणार असतील तर त्यांना त्यांच्या लिपीत, त्यांच्या हातानं लिहू द्या. खालच्या पानावर त्यासाठी कोपरा मोकळा ठेवा. लहान मुलांनाही पेन द्या. त्यांचं वाकडं अक्षर बघायला आत्या मान उचलतील.

कार्ड मिटल्यावर साधारण एक सेंमी जाड होईल, म्हणून साध्या पाकिटात घालून पोस्टात टाकू नका. शिक्क्याखाली फोम चेपतो आणि पाकळ्या मोडतात. शर्टाचा किंवा साडीचा चपटा खोका घ्या, तळाला पेपर चुरगळून घाला, कार्ड मिटून ठेवा, आणि कुणी मिरजेला जात असेल त्याच्या हाती द्या. बेळगावहून मिरजेला रेल्वेनं जाणारं कुणी ना कुणी सापडतंच. नेणाऱ्याला टेकू कसा उभा करायचा ते एकदा करून दाखवा, आणि कार्ड लॉकरवर आत्यांच्या उजव्या-डाव्या ज्या बाजूला त्यांना मान वळवता येते त्या बाजूला ठेवायला सांगा. अतिदक्षता विभागात असतील तर बहुधा आत नेऊ देणार नाहीत. वॉर्डात आल्यावर द्या, तोपर्यंत खोक्यात सिलिकाची एक पुडी राहू दे.